कॉलेज सांभाळून मोटोक्रॉस: सेमिस्टरचा हिशेब आवर-मीटरवर

सोमवारी सकाळी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटचा कॉक फिरवत होतो आणि बोटं ऐकेनात. आदला अख्खा दिवस मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल वाटेवर मोटरसायकल पळवण्याच्या खेळाच्या, ट्रॅकवर गेला होता, रात्री बाराला गाडी धुऊन झाली आणि जर्नल पहाटे कसंबसं पूर्ण केलं. फिकट गुलाबी रंगावर थांबायचं असतं, तिथे फ्लास्क गडद गुलाबी झाला. एकदा नाही, तीनदा. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या नखांतल्या चिखलाकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी गाडीचं आवर-मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं) पाहिलं. रविवारी इंजिन चाललं होतं एकूण १.४ तास. आणि या १.४ तासांसाठी शनिवारच्या दुपारपासून सोमवारच्या दुपारपर्यंतचा वेळ गेला होता. मोटोक्रॉस आणि कॉलेज जमत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच बिनसतं. प्रत्यक्ष रायडिंगला वेळ फारसा लागत नाहीच. वेळ जातो तो त्याच्या आजूबाजूला. म्हणून रायडिंगला हात लावायचा नाही, आजूबाजूचं छाटायचं.

पायरी १: एका रायडिंगच्या दिवसाचा खरा खर्च लिहून काढा

पुढच्या दोन वेळा ट्रॅकवर जाल तेव्हा वहीत वेळा टिपा. बॅग भरायला किती, गाडी चढवून बांधायला किती, प्रवास, ट्रॅकवर नुसतं उभं राहणं, प्रत्यक्ष चालवणं, परतणं, धुणं, फिल्टर, कपडे आणि दुसऱ्या दिवशी अंग जागेवर यायला लागलेला वेळ. शेवटचा आकडा लोक कधीच धरत नाहीत आणि अभ्यासाचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

आता कॉलेजचं कॅलेंडर घ्या. परीक्षा, सबमिशन, व्हायवा आणि चुकवता न येणारी प्रॅक्टिकल्स खुणा करून ठेवा. प्रत्येक मोठ्या परीक्षेआधीचे १० दिवस ट्रॅक बंद. अभ्यासाला वेळ हवा म्हणून तर खरंच, पण मुख्य कारण मनगट आहे. परीक्षेआधी चौथ्या दिवशी लिहायच्या हाताला प्लास्टर बसलं, तर वर्षभर केलेल्या अभ्यासाचा काय उपयोग?

ज्या रविवारनंतर सोमवारी सकाळी लवकर प्रॅक्टिकल असेल, तोही रविवार काटा. टाइमटेबल तुमच्या बाजूचं असेल तर आठवड्यातली एखादी मोकळी दुपार बघा. ट्रॅकवर गर्दी कमी असते, त्यामुळे उभं राहण्यातला वेळ अर्धा होतो.

एवढं काटून १६-१८ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये माझ्याकडे साधारण ८ दिवस उरतात. दिवसाला दीड तास इंजिन धरलं, तर १२ तास. हा १२ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. ऑइल किती, फिल्टर किती, पैसे किती, व्यायाम कधी, सगळं यावरूनच ठरतं. ‘जमेल तेव्हा जाऊ’ असं म्हणणारा पहिल्या महिन्यात पाच वेळा जातो आणि मग तीन महिने गाडीवर धूळ साचते. पंधरा दिवसांतून एकदा, पण न चुकता, हे त्यापेक्षा कितीतरी बरं. हात विसरत नाहीत आणि शरीर दर वेळी शून्यापासून सुरू होत नाही.

पायरी २: गाडी अशी ठेवा की ती तुमचा अभ्यास खाणार नाही

रस्त्यावरच्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर चालते, मोटोक्रॉसची तासांवर. २५० सीसीच्या रेसिंग फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं आणि ते इंजिन मिनिटाला १३-१४ हजार फेऱ्यांपर्यंत पिळलं जातं. मग ते ऑइल हजारो किलोमीटर टिकणार कसं? मी ५ तासांनी बदलतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो पाळा. म्हणजे १२ तासांच्या सेमिस्टरला ऑइल दोनदा, आणि तिसऱ्यांदा गाडी सुट्टीसाठी उभी करताना. हे आधीच माहीत असेल तर डबे एकदम आणून ठेवता येतात आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात धावपळ होत नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद कँटीनमध्ये कधीच संपत नाही, पण विद्यार्थ्यासाठी माझं मत साफ आहे. हातात पाना धरायची आवड असेल तर १२५ सीसी टू-स्ट्रोक. पिस्टन आणि रिंग बदलायचं काम शिकल्यावर एका दुपारी होतं, भागही कमी. फोर-स्ट्रोकचं इंजिन नीट सांभाळलं तर निमूट चालतं, पण बिघडलं की व्हॉल्व्ह, टायमिंग चेन असं सगळं एकदम खिशावर येतं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ४०:१ प्रमाण असेल तर ५ लिटरला १२५ मिली. प्रमाण मॅन्युअलमधलं घ्या, मित्राने सांगितलेलं नाही. आणि मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, लागेल तेवढंच करा.

पेट्रोलचा कॅन होस्टेलच्या खोलीत ठेवायचा नाही, कॉटखाली तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि इस्त्रीची किंवा स्विचची एक ठिणगी पुरते. गाडीही खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये नको. कुणाच्या तरी शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा ट्रॅकवर सोय असेल तर तिथे ठेवा. गाडी घरी आणि तुम्ही दूर असाल, तर सुट्टीतच चालवायचं ठरवून टाका. दर आठवड्याला रात्रीचा प्रवास करून गाडीपर्यंत पोचणारे मी पाहिलेत. दोन महिन्यांत एकतर गाडी विकतात नाहीतर विषय राहतात.

आता फिल्टरबद्दल जरा सविस्तर, कारण इंजिन मरतं ते बहुतेक वेळा इथूनच. धुळीच्या दिवसानंतर एअर फिल्टर साफ न करता पुढच्या वेळी गाडी काढणं म्हणजे इंजिनला वाळू चारणं. पण रात्री दमून आल्यावर फिल्टर धुणं कुणालाच जमत नाही. यावरचा उपाय साधा आहे: फोमचे तीन फिल्टर बाळगा. तयार केलेले दोन झिपच्या पिशवीत असले की ट्रॅकवरून निघायच्या आधी घाणेरडा काढायचा, एअरबॉक्स ओल्या फडक्याने पुसायचा, नवा घालायचा. पाच मिनिटं. घाणेरडे जमले की एखाद्या रिकाम्या संध्याकाळी एकत्र धुवायचे.

धुताना फिल्टर क्लीनरमध्ये बुडवून हळूहळू दाबा. पिळायचा नाही, पिळला की फोमचा जोड सुटतो. पेट्रोलने धुणारे अजून भेटतात. त्याने जोडाचा गोंद सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. मग कोमट साबणाच्या पाण्यात दोनदा, आतून बाहेर पाणी जाईल असा धरून. पहिल्या बादलीचं पाणी चहासारखं होतं, दुसरीचं ताकासारखं. तिसरीचं स्वच्छ राहिलं की झालं. सावलीत पूर्ण वाळू द्या, ओलसर फोम ऑइल नीट पीत नाही. फिल्टर ऑइल ओतून पिशवीतच मळा, सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे. फिकट ठिपका राहिला तर तिथून धूळ आत जाणार. कडेला ग्रीसचं बोट फिरवलं की फिल्टर तयार.

बाकीचं पटापट. प्रत्येक वेळी निघण्याआधी चेनचा ढिलेपणा, स्पोक हाताने दाबून, ब्रेक पॅड, टायरची हवा (१२ ते १४ पीएसआयच्या दरम्यान, जमिनीप्रमाणे), हँडलबारचे आणि अॅक्सलचे नट. सस्पेंशनची सॅग (तुम्ही बसल्यावर गाडी मागून किती दबते ते माप) तुमच्या वजनावर एकदा नीट लावून घ्या. फुल साइझ गाडीला बसल्यावर साधारण १०० ते १०५ मिमी. होस्टेलच्या जेवणाने वजन पाच किलोने इकडेतिकडे झालं असेल तर पुन्हा मोजा. हसू नका, माझं झालं होतं आणि मी दोन महिने गाडीला शिव्या देत होतो.

पायरी ३: मधल्या १४ दिवसांत अंग जागं ठेवा

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडी इंजिन ओढतं, माणूस नुसता बसतो. जागतिक स्पर्धेत एक मोटो, म्हणजे एक शर्यत, ३० मिनिटं अधिक २ लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) असते आणि त्या पूर्ण वेळात हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या जवळपास राहतात. शंभर किलोच्या वर वजनाची गाडी पायांत धरून हे करायचं असतं.

आठवड्यात तीनदा ४० मिनिटं काढा, त्यापेक्षा जास्त ठरवू नका, पाळलं जाणार नाही. एक दिवस दमाचा: रोइंग मशीन मिळालं तर उत्तम, नाहीतर सायकल किंवा धावणं. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चारदा. दुसऱ्या दिवशी पाय आणि कंबर: स्क्वॉट, लंज, प्लँक आणि बारला लटकणं. तिसऱ्या दिवशी डोंगरवाटेवर सायकल घातली तर सोन्याहून पिवळं. पुढे बघायचं कुठे, लाइन कोणती धरायची, पुढचा ब्रेक किती दाबायचा, हे सगळं तिथे घोटवता येतं, तेही पेट्रोलशिवाय.

आर्म पंपबद्दल दोन शब्द. हाताचा पुढचा भाग दगडासारखा होतो, बोटं उघडत नाहीत, क्लच दाबवत नाही. घट्ट धरून ठेवलेले स्नायू फुगतात, त्यांच्याभोवतीचं आवरण फारसं ताणत नाही आणि आत रक्त कोंडतं. पोरं यावर हाताचे डंबेल मारत बसतात. खरा दोष बहुतेक वेळा गुडघ्यांचा असतो. गाडी गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी धरली नाही की सगळा भार हातांवर येतो. पहिल्या सेशनला एकदम जोरात सुटलं, वॉर्म-अप केला नाही किंवा लिव्हर फार वर लावलेले असले, तरी हेच होतं. आणि महिनाभर न चालवता आलेल्या माणसाला हे होणारच.

झोपेत काटकसर करू नका. ट्रॅकच्या आदल्या रात्री असाइनमेंट करत जागलात, तर तो दिवस रद्द करा. अर्धवट झोपेत जंपच्या तोंडावर निर्णय घ्यायचा असतो आणि तो अर्ध्या सेकंदाने उशिरा येतो.

पायरी ४: ट्रॅकवरचा दीड तास वाया घालवू नका

सेमिस्टरमध्ये आठच दिवस मिळत असतील, तर दर दिवसाला एकच विषय घ्या. आज फक्त बर्ममधून (वळणाच्या कडेला साचलेल्या मातीच्या बांधावरून) बाहेर पडतानाचा थ्रॉटल. पुढच्या वेळी फक्त रटमध्ये (चाकांनी पडलेल्या खोल चरात) उभं राहून शिरणं. सगळंच सुधारायला निघालेला माणूस संध्याकाळी फक्त दमलेला असतो.

माझा साचा असा. पहिली दहा मिनिटं एकही जंप पूर्ण न मारता, सगळ्या जमिनीवरूनच घेत, ट्रॅक बघत. कालच्या पाण्याने कुठे खड्डा पडलाय, कुठे दगड वर आलाय, हे तेव्हाच कळतं. मग १५ मिनिटांचा एक सेशन आरामात. त्यानंतर सपाट जागा मिळाली तर दोन खुणा ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं: बसून, उभं राहून, एका बोटाने क्लच धरून, दोन्ही बाजूंना. फार साधं दिसतं, म्हणून कुणी करत नाही. वळणांतला वेळ मात्र इथेच कमी होतो. पुढे २० मिनिटांचे दोन सेशन ताकदीने, आणि तेवढीच विश्रांती.

बेल्जियमच्या स्टेफान एव्हर्ट्सकडे १० जागतिक विजेतेपदं आहेत. त्यांची ओळख म्हणजे उभं राहून, अंग अजिबात न झटकता चालवणं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जोर लावतच नाहीये. आपल्यासारख्या पंधरवड्याच्या रायडरने वेगापेक्षा ही चाल उचलावी. तिच्यात ताकद वाचते आणि सोमवारी ब्युरेट हातात राहतं.

दिवस संपवायचा तो दमायच्या आधी. ‘एक शेवटची लॅप’ हे शब्द तोंडातून आले की गाडी स्टँडवर लावा. माझ्या तीन मोठ्या पडण्यांपैकी दोन त्या शेवटच्या लॅपमधल्या आहेत. एकट्याने कधीच चालवू नका, ट्रॅक रिकामा असला तरी कुणीतरी हाक ऐकण्याएवढ्या अंतरावर हवं. आणि पिवळा झेंडा दिसला की जंप नाही, ओव्हरटेक नाही. पुढे कुणीतरी जमिनीवर पडलेलं असतं.

निघण्याआधी ती पाच मिनिटांची फिल्टर बदली, चेनला ल्यूब आणि वहीत मीटरचा आकडा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. रूममेटशी संबंध टिकवायचे असतील तर बूट बाहेर.

पायरी ५: परीक्षेची सुट्टी आणि परतीचा पहिला दिवस

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर धुऊन, वाळवून, चेनला तेल लावून ठेवा. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर आतलं पेट्रोल सुकून जेट (पेट्रोल जायची बारीक छिद्रं) चोंदतात. सेल्फ-स्टार्ट असेल तर बॅटरीची वायर काढा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा. एकदा आतून उंदराने आणलेल्या सुतळ्या निघाल्या होत्या. पुन्हा चालू करताना फडकं काढायला विसरू नका.

परतल्यावर पहिल्या दिवशी नवी जंप नाही आणि मित्राशी शर्यत नाही. डोक्यात दोन महिन्यांपूर्वीचा वेग असतो, हातात नसतो. शेवटचा सेशन ठरवूनच सोडून द्या.

पायरी ६: पडलात तर

पडणार आहात, हे धरूनच चला. हेल्मेट, गॉगल, बूट, नी-ब्रेस, छाती-पाठीचं कवच यात काटकसर नको, हवी तर गाडी जुनी घ्या. हेल्मेटच्या आतला फोम एकदाच दबतो आणि तो पुन्हा फुगत नाही. बाहेरून ओरखडा नसला तरी जोरात आपटलेलं हेल्मेट संपलं.

डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, क्षणभर काही आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही. बरं वाटलं तरी नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचं. त्यानंतर खेळात परतायचं ते पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. विद्यार्थ्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे: २०२२ साली अॅम्स्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेच्या शिफारशींनुसार, पूर्ण अभ्यास त्रासाशिवाय जमू लागला पाहिजे, मगच धोक्याच्या खेळाकडे वळायचं. पुस्तक उघडल्यावर डोकं दुखतंय, स्क्रीनकडे पाहवत नाही, तरी रविवारी ट्रॅक? नाही. अशा वेळी कॉलेजला लेखी कळवा, वैद्यकीय कागद जोडा आणि सबमिशनची मुदत वाढवून मागा. लपवलं की दोन्हीकडे बुडतं.

दुसरं म्हणजे मनगट. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी, खळगा पडतो तिथे, दुखत असेल तर ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडू नका. तिथलं स्कॅफॉइड हाड मोडलेलं असलं तरी पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर हात बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा तपासतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही. मी चार दिवस क्रेप बँडेजवर काढले आणि पाचव्या दिवशी पेन धरवेना.

विम्याची पॉलिसी आजच काढून वाचा. मोटरस्पोर्ट किंवा शर्यतीतली इजा वगळलेली असणं नेहमीचंच आहे आणि हे कळायची जागा हॉस्पिटलचं काउंटर नसावी. हेल्मेटच्या आत रक्तगट, औषधांची अॅलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

घरी आणि कॉलेजात काय सांगायचं

घरच्यांपासून लपवून चालवणारे बरेच असतात. पहिल्याच फ्रॅक्चरला ते बाहेर येतं आणि मग गाडी जाते. त्यापेक्षा वही दाखवा: वर्षाचे एवढेच दिवस, परीक्षेआधी १० दिवस बंद, सोबत कोण असतं, विमा कोणता. माझ्या बाबांना मोटोक्रॉस अजूनही आवडत नाही, पण दर सेमिस्टरच्या सुरुवातीला ते विचारतात, “यंदा किती तास?”

या सेमिस्टरला मी ११ सांगितलेत. तीन फिल्टर पिशवीत आहेत, एक ऑइलचा डबा मित्राच्या शेडमध्ये आहे आणि पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी प्रॅक्टिकल दुपारी दोनला आहे.